पाण्याची तारीख

कोकणातल्या जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढायचं एक तोंडी गणित आहे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. तृतीयेला सव्वादोन. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हीच वेळ दिवसाची आणि थोड्या फरकाने रात्रीचीही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि समुद्र त्याच्या मागून चालतो, म्हणून हे गणित पिढ्यान् पिढ्या खरं ठरत आलं आहे. तिसऱ्या आणि कालवं काढायला खाडीत उतरणाऱ्या बायका याच हिशेबाने घरातून निघतात. चुलीवरचं आधण, पोरांची शाळा, बाजाराची एसटी, सगळं त्या पाऊणपटीभोवती बसवलेलं असतं.

मला हे गणित शिकवलं ते देवबागच्या एका काकांनी, आणि तेही फोनवर. कर्लीच्या खाडीत गळाने मासे धरायला नेणारं कुणीतरी हवं होतं. माझा भाचा पंधरा वर्षांचा. पुण्यात खडकवासल्याच्या काठावर गळ टाकून बसणारा. त्याला खाऱ्या पाण्यातला मासा एकदा हाताला लागावा, एवढी त्याची इच्छा होती. ओळखीतल्या ओळखीतून नंबर मिळाला. मी शनिवारची सकाळ मागितली. पलीकडे थोडा वेळ लाटांचा आवाज आला आणि मग काका म्हणाले, “शनवार-आयतवार तुमच्याकडे. माका तिथ सांगा.”

माझ्याकडे तिथी नव्हती. त्यांनीच ती काढली. मार्गशीर्षातली वद्य तृतीया; समुद्राला सव्वादोन, खाडीत दुपारी अडीच. वार होता गुरुवार.

त्या फोनवर त्यांनी जे सांगितलं त्याने मी वही ओढून घेतली. अष्टमीच्या आसपास भांग असतो. भरती-ओहोटीत अंतर थोडं, पाणी सुस्त, आणि सुस्त पाण्यात दबा धरून बसणारा मासा जागचा हलत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी इतक्या ओढीने धावतं की तळाचा गाळ वर येतो आणि आमिष जागेवर राहत नाही. या दोहोंच्या मधले दिवस गळाचे. त्यातही भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागलं, त्यांच्या भाषेत सुकती लागली, की पहिले दोन-तीन तास सोन्याचे. मुंबईला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं. दक्षिणेकडे यावं तसं हे अंतर कमी होत जातं आणि मालवणच्या बाजूला ते साधारण दोन मीटरवर येतं. म्हणून मुंबईच्या खाडीत शिकलेलं इथे जसंच्या तसं चालत नाही. शिवाय तिथीचं गणित सांगतं ते समुद्राचं पाणी. खाडीत आत जावं तसं ते उशिरा वळतं. कुठल्या वळणावर किती उशिरा, हे कुठल्याही पंचांगात नाही. ते काकांकडे आहे.

मग अटी. होडीत गळ टाकणारे दोनच. तिसरा आला तर बघायला. जॅकेट शेवटपर्यंत अंगावर. आगाऊ पैसे थोडे, आणि वारा फिरला तर तारीख पुढे. गळ त्यांचे, उलटा दात चिमट्याने दाबून सपाट केलेले, म्हणजे मासा सोडताना त्याचा जबडा फाटत नाही. लहान मासा परत पाण्यात. खूप मोठा मासाही परत पाण्यात. मधल्या मापाचा एखादा घरी न्यायचा. आणि शेवटची अट त्यांनी जरा थांबून सांगितली: “मासो गावतलो असा मी सांगूचंय नाय. पाणी दाखवतलंय, जागो दाखवतलंय.”

फोन ठेवला तेव्हा जाणवलं की हॉटेलच्या खोल्या, विमानाची तिकिटं, नाटकाच्या खुर्च्या अशी किती तरी आरक्षणं मी आजवर केली, पण त्या प्रत्येकात समोरच्याने मला काहीतरी पुरवण्याची हमी दिली होती. इथे हमी फक्त एका माणसाच्या सोबतीची होती. पाण्याबद्दल त्याने कसलंही वचन दिलं नाही, आणि त्याच क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला.

देवबाग म्हणजे वाळूची एक लांबट, चिंचोळी पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधे माडांची दाटी, घरं, तुळशीवृंदावनं, वाळत घातलेली जाळी. काही ठिकाणी एका अंगणात उभं राहिलं की एका कानाला लाटांची गाज येते आणि दुसऱ्या कानाला नदीची शांतता. पट्टीच्या टोकाशी कर्ली समुद्राला मिळते. त्या तोंडाशी वाळूचे दांडे बनतात, हलतात, मोडतात, पुन्हा बनतात. पावसाळ्यापूर्वी होडी जिथून जायची तिथून दिवाळीनंतर ती जाईलच असं नाही. पर्यटकांच्या मोटारबोटी, पाण्यावरचे खेळ, पॅराशूट या सगळ्याची गर्दी याच तोंडाशी असते. आम्हाला जायचं होतं ते त्या गर्दीकडे पाठ करून, नदीच्या आत, जिथे काठाला कांदळवन सुरू होतं.

अडीचला पाणी काठोकाठ होतं. काकांची होडी अरुंद, एका बाजूला उलांडी बांधलेली, मागे लहानसं इंजिन. निघताना त्यांनी पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. भाच्यानेही तसंच केलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

थोडं आत गेल्यावर इंजिन बंद झालं आणि वल्हं पाण्यात उतरलं. त्या क्षणी खाडीचे आवाज एकदम जवळ आले. कांदळाच्या मुळांशी लागलेली कालवं पाणी उतरताना टिचटिच करत मिटतात. चिखलावर निवट्या पोटावर सरकतात आणि सावली पडली की टुपकन पाण्यात उडी घेतात. डोक्यावर ब्राह्मणी घार. विटकरी पंख, पांढरं डोकं. पांढऱ्या चिपीची मुळं चिखलातून उभी वर आलेली, हवा घ्यायला. याच चिपीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष ठरवलं. सकाळच्या चहाच्या वेळी ही बातमी वाचून मी पान उलटलं होतं. आता त्या झाडाच्या मुळांमधून पाणी कसं निघतं ते पाहत बसले आणि त्या मानाचा अर्थ डोळ्यांसमोर उलगडत गेला.

भरतीला पाणी कांदळात शिरतं तेव्हा त्याच्याबरोबर कोळंबीची पिल्लं, बोय, बारके खेकडे आत जातात. मुळांच्या जाळीत मोठ्या माशाला घुसता येत नाही, म्हणून ती जागा लहानग्यांची. पानं गळतात, कुजतात, त्या कुजलेल्या पानांवर सूक्ष्म जीव पोसले जातात आणि त्यांच्यावर ही सारी पिल्लावळ. पाणी उतरायला लागलं की ही सगळी प्रजा अरुंद ओहोळांतून नाइलाजाने बाहेर येते. ओहोळाच्या तोंडाशी, जिथे उथळ संपून खोल सुरू होतं तिथे, तांबोशी, गोबरा, चोणक तोंड प्रवाहाकडे करून उभे असतात. गळवाल्याचं सगळं शास्त्र या एका जागेवर येऊन ठेपतं: पाणी कुठून निघेल, कधी निघेल, आणि भुकेला मासा त्या पाण्याच्या कुठल्या काठाला उभा असेल.

काका ही जागा कशी शोधतात ते मी पाहिलं. त्यांची नजर पाण्याकडे नव्हतीच. पलीकडच्या तीरावर एका देवळाचा कळस दिसत होता आणि त्याच्या मागे डोंगराच्या कडेत एक खाच. कळस खाचेत येईपर्यंत त्यांनी होडी सरकवली. मग मान वळवून दुसऱ्या बाजूचा एक वाकडा माड आणि त्यामागची कौलारू माडी एका रेषेत आणली. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे नांगर सोडला. खाली, वरून काहीही न दिसणारा एक खडक होता. “बापाशीन दाखवलेलो,” एवढंच म्हणाले. त्यांच्या वडिलांनी पाहिलेला माड कधीच पडला. काकांनी त्याच्या जागी हा वाकडा माड धरला. खडक तोच आहे. त्याच्याकडे जाणारी खूण दर पिढीने नव्याने बांधून घ्यायची असते.

भाच्याने पहिला गळ टाकला. जिवंत कोळंबी शेपटीपाशी टोचलेली, शिसं अगदी हलकं, म्हणजे ती प्रवाहाबरोबर स्वतःच्या मर्जीने वाहत गेल्यासारखी वाटेल. काकांनी त्याला दोर किती सोडायचा ते बोटांनी दाखवलं आणि म्हणाले, “आता वगी रव.” तो गप्प राहिला. घरी पाच मिनिटं एका जागी न बसणारा मुलगा पाण्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी एकाग्रता आली ती मी त्याच्या परीक्षेच्या दिवसांतही पाहिली नव्हती. गळाची काठी हातात असली की माणूस शरीराने ऐकायला लागतो. तळाला शिसं टेकलं, ते सरकलं, एका फांदीला अडलं, सुटलं, लहानशा माशाने कोळंबीला नुसतं हुंगून सोडलं. हे सारं दोरीतून बोटांत येतं. अपारदर्शक पाण्याखाली एक आख्खा मुलूख आहे आणि त्याची बातमी एका धाग्यातून आपल्यापर्यंत पोचते आहे, या जाणिवेसाठीच लोक तासन् तास बसत असतील.

तांबोशीने गळ घेतला तेव्हा काठी एका झटक्यात पाण्याकडे वाकली. हा मासा गळ घेतला की मोकळ्या पाण्याकडे धावत नाही, मुळांकडे धावतो. तिथे पोचला तर दोर कालवांच्या धारेवर कापला जातो. पहिल्या काही क्षणांत काय ते ठरतं. काकांनी काठीला हात लावला नाही. फक्त होडी वल्ह्याच्या एका फटक्याने फिरवली, अशी की मुळांकडची वाट बंद झाली. बाकीचं भाच्याने केलं. हातभर नव्हता, कोपरापर्यंतही नाही, पण तांब्यासारखा तळपणारा, रागाने काटे उभारलेला तो मासा होडीच्या कडेला आला तेव्हा मुलाला शब्द सुचेनात.

काकांनी आधी हात पाण्यात बुडवले. कोरड्या हाताने धरलं तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या थराशिवाय त्याला रोग लागतो. दात दाबलेला गळ अलगद निघाला. मग त्यांनी मासा भाच्याच्या ओंजळीत, पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून धरायला दिला. कल्ले दोन-चारदा उघडमीट झाले आणि शेपटीच्या एका तडाख्याने तो निघून गेला. काकांनी त्याला सांगितलं की तांबोशी लहानपणी कांदळात राहते आणि वयात आली की बाहेर समुद्रातल्या खडकांवर जाऊन अंडी घालते. हा अजून घर सोडून गेलेला नाही. जाऊ दे.

मोठ्याला का सोडायचं हे चोणकाच्या बाबतीत कळतं. रायगडकडे जिला जिताडा म्हणतात ती हीच मासळी. तिची जन्मकथा विलक्षण आहे. ती खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात जन्मते, बालपण घालवायला आत, गोड्या पाण्याकडे चढते आणि वाढल्यावर पुन्हा तोंडाशी येते. बहुतेक चोणक आधी नर असतात. काही वर्षं नर म्हणून जगून, पुरेसे मोठे झाल्यावर, त्यांची मादी होते. म्हणजे खाडीतली सगळ्यात मोठी चोणक जवळजवळ नेहमीच मादी, आणि एका वेळी लाखो अंडी तिच्या पोटात. तिला मारणं म्हणजे पुढची कितीतरी सालं एका जेवणात संपवणं. काकांनी लिंगबदलाचं शास्त्र वाचलेलं नाही. पण अशी एखादी होडीशी आली की ते पाहुण्याला सांगतात, “ही आवस. हिका जाव दे.” आवस म्हणजे आई. पाहुणा कुठल्याही गावचा असो, या वाक्यापुढे फोटोपुरता मासा वर धरून तो पुन्हा पाण्यात सोडतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या खाड्यांमध्ये चोणकीसारखाच एक मासा आहे, स्नूक. तोही कांदळाच्या मुळांशी राहतो, तोही आधी नर आणि मग मादी होतो. १९५७ पासून तिथे स्नूकची बाजारातली विक्री बंद आहे. तो फक्त गळाने, ठरल्या हंगामात धरता येतो, आणि ठेवता येतो तो फक्त मधल्या मापाचा. लहान आणि फार मोठा, दोन्ही सोडायचे हा तिथे कायदा आहे. या एका माशाच्या ओढीने माणसं दूरदूरून येतात आणि त्यांना पाणी दाखवणाऱ्या माहीतगारांची घरं चालतात. आपल्याकडे महाराष्ट्रातही २०२३ मध्ये अनेक जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवण्यात आले, म्हणजे लहानग्यांना कागदावर तरी संरक्षण मिळालं. मोठ्या आईला मात्र आज संरक्षण आहे ते कर्लीतल्या एका माणसाच्या अटीचं, जी तो आगाऊ पैसे घेण्याच्या आधी फोनवर सांगतो.

या अटीमागे काय काय आहे हे त्या दुपारी हळूहळू कळलं. काकांचं घर रापणीचं. किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांना माणसांनी रांगेने ओढायचं; ओढायला गाव, वाटणीला गाव. रापण लागली की किनाऱ्यावर पाटी घेऊन उभ्या राहिलेल्या विधवेलाही चार मासे मिळायचे. मग यांत्रिक बोटी मोठ्या झाल्या, पर्ससीन जाळी आली, रात्रीच्या अंधारात एलईडी दिव्यांनी मासळीचे थवेच्या थवे एका जागी ओढून उचलले जाऊ लागले. किनाऱ्याशी येणारं पाणी रिकामं यायला लागलं. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कायदा झाला, पण रात्री समुद्रावर कायदा दिसायला गस्तीची बोट लागते. या सगळ्यात रापण आकसली. ओढायला लागणारे हात मुंबईला गेले. काकांनी गाव सोडलं नाही. खाडीत वडिलांबरोबर पागाचं जाळं टाकताना आणि गळाने गरवताना जे शिकले होते तेच त्यांनी पाहुण्यांसाठी उघडलं.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. किनाऱ्यावर जाऊन मासे धरायची सफर ठरवणं हा श्रीमंतांचा रिकामा चाळा आहे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. मासे बाजारात मिळतात. माहीतगाराला पैसे देऊन, दुपारभर उन्हात बसून, धरलेला मासा पुन्हा सोडायचा, यात काय मिळालं? मला वाटतं, यात फार मोठा व्यवहार होतो. बाजारात तांबोशी विकली की ती एकदा विकली जाते, किलोच्या भावाने, आणि त्या भावात खडकाची खूण, पाण्याच्या वळणाची वेळ, कोळंबी कुठे टोचायची याचं ज्ञान, यांपैकी कशाचीही किंमत नसते. ज्याने ती कौशल्याने धरली आणि ज्याने तळ खरवडून धरली, दोघांच्या माशाला तराजूत सारखंच वजन. सफरीत मात्र पैसे मिळतात ते त्या ज्ञानाला. आणि हे ज्ञान विकल्याने संपत नाही, सोडलेली तांबोशीही संपत नाही. मासा पाण्यात राहिला तरच काकांना उद्या काही दाखवता येणार. खाडी जिवंत ठेवण्यात ज्याचा रोजचा स्वार्थ आहे असा माणूस काठावर उभा राहतो, तेव्हा कांदळाला त्याच्याइतका जागा पहारेकरी दुसरा मिळत नाही.

वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः वल्हं मारत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. मी त्यांच्या होडीत बसले आहे. ज्या झाडांच्या मुळांत त्या आयुष्यभर कालवं शोधत आल्या, त्यांची शास्त्रीय नावं त्या आता न अडखळता सांगतात. एकीने मला सांगितलं की आता कांदळात कुऱ्हाडीचा आवाज आला की सगळ्या मिळून बघायला जातात. कर्लीतला गळ आणि मांडवीतलं वल्हं यांचं नातं असं आहे.

अर्थात वाट सोपी नाही. मोटारबोटींची संख्या वाढते आहे. त्यांच्या लाटांनी काठ ढासळतो आणि उथळातली पिल्लं विखुरतात. हौशी माणसं माहीतगाराशिवाय येतात, नायलॉनचा दोर मुळांत तुटला की तिथेच टाकून जातात, आणि पुढे बगळ्याचा पाय त्यात अडकतो. मालवणच्या किल्ल्याभोवती तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कुठल्या खडकापाशी गळ टाकणं योग्य आणि कुठे नाही हे बाहेरच्याला दिसत नाही, पाण्यावर कुंपण नसतं. जून-जुलैत यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. मासळीच्या विणीचा काळ म्हणून काकाही तेव्हा सफरी घेत नाहीत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर, गढूळ पाणी निवळलं की मग पुन्हा फोन उचलतात. मधल्या महिन्यांत घर कसं चालतं हे मी विचारलं. बाकीच्या आठ-नऊ महिन्यांच्या पैशावर, म्हणाले. म्हणूनच सफरीच्या पैशात घासाघीस करणाऱ्याला त्यांच्याकडे जागा नाही, आणि त्यांचं हे करारीपण मला फार आवडलं. त्या रकमेत नाही म्हणण्याचे महिनेही धरलेले आहेत.

ऊन कललं तसं पाणी बरंच उतरलं. दोन गोबरे लागले. एक लहान, सोडला. दुसरा मधल्या मापाचा, तो आमच्या जेवणाचा. परतताना एका वळणावर चिखलाच्या उतारावर ऊद दिसले, पाणमांजरांचं आख्खं कुटुंब, ओल्या अंगाने चकाकणारं. त्यातल्या एकाच्या तोंडात मासा होता आणि बाकीची त्याच्याभोवती नाचत होती. भाचा हळूच म्हणाला, “त्यांनाही जागा माहीत आहे.”

संध्याकाळी काकूंनी गोबऱ्याला कोकम आणि तिखट लावलं, रव्यात घोळवून तव्यावर सोडलं. सोलकढी, गरम भात, आणि माशाचा तुकडा तोंडात विरघळताना त्या पाण्याची, त्या खडकाची, त्या वाकड्या माडाची आठवण. धरलेल्या माशांतला एकच आम्ही ठेवला होता, आणि तो जेवढ्या आदराने खाल्ला तेवढ्या आदराने दुसरं काही मी क्वचितच खाल्लं असेल.

जेवताना त्यांची मुलगी समोर बसली होती. कुडाळच्या कॉलेजात शिकते, सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर खाडीत जाते. भाच्याने तिला विचारलं की खडक कसा सापडतो. तिने ताटातल्या भातावर बोटाने दोन रेषा ओढल्या आणि सांगितलं, कळस आणि खाच, माड आणि माडी. मग म्हणाली, तो वाकडा माड यंदाच्या वाऱ्यात आणखी झुकला आहे, म्हणून ती त्याच्या शेजारच्या मोबाइलच्या मनोऱ्याचं टोक धरून बघते आहे. अजून रेघ नीट जुळत नाही. काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

निघायच्या आधी मी माघातली तारीख मागितली. या वेळी मीच तिथी सांगितली: वद्य तृतीया, पाणी सव्वादोनला. काकांनी जागा राखून ठेवली आणि म्हणाले की त्या दिवशी होडी मुलगी नेईल, ते सोबत बसतील, म्हणजे नव्या खुणा तपासता येतील. मग जरा संकोचून म्हणाले, ती शिकते आहे, त्यामुळे पैसे निम्मे द्या.

मी पूर्ण दिले, आगाऊ, आणि तिच्या हातात. वडिलांनी दाखवलेला खडक ती स्वतःच्या खुणांनी शोधणार आहे, आणि तो शोधण्याचा मोबदला गावात राहून मिळतो हे तिला याच वयात दिसायला हवं.